मदत हवी आहे: मातीच्या बांधातून पाझर, पाणी किती वेगाने उतरवावं?

पूर अडवण्यासाठी बांधलेला मातीचा छोटा बांध आहे, उंची साधारण 6 मीटर. एरवी तलाव कोरडाच असतो. यंदा सलग पावसाने पाणी बरेच दिवस टिकलं आणि कोरड्या बाजूच्या पायथ्याशी, नेमकं विमोचकाच्या (तलावातलं पाणी बाहेर सोडायच्या) पाइपाशेजारी पाणी झिरपू लागलं. खाली वस्ती आहे, म्हणून काळजी वाटते.

पाझर अजून स्वच्छ आहे. रोज सकाळी काचेच्या बरणीत घेऊन ठेवतो, तळाला माती बसत नाही. बादली भरायला मात्र आठवड्यापूर्वी 40 सेकंद लागायचे, आता 25 लागतात. आणि या आठवड्यात पाऊस नाही, तलावाची पातळीही वाढलेली नाही! माथ्यावर भेगा किंवा खचलेली जागा दिसली नाही. सांडवा मोकळा आहे. उतारावर घुशींची दोन बिळं आहेत. ती वरून मातीने बुजवली, फरक पडला नाही. पाझराचं तोंड मुद्दाम बंद केलेलं नाही, कारण आत दाब वाढून पाणी दुसरीकडून फुटेल.

संबंधित खात्याला कळवलंय, पण पाहणीला वेळ लागेल. विमोचकाची झडप चालते, मात्र पाणी झपाट्याने उतरवलं तर आतल्या बाजूचा ओला भराव घसरू शकतो, हे माहीत आहे. भराव चिकणमातीचा आहे.

ज्यांनी असे बांध हाताळलेत त्यांनी सांगावं: रोज किती सेंटीमीटर पाणी उतरवणं सुरक्षित? आणि तोवर पाझरावर वाळू, मग बारीक खडी, वर मोठी खडी असा उलटा गाळणथर (पाणी जाऊ देणारा, पण माती अडवणारा) टाकावा का, की पाइपालगतच्या पाझराला तो पुरत नाही?