मदत हवी आहे: साधा परिच्छेदही नीट लिहिता येत नाही, सुरुवात कुठून करू?

शाईचा_डाग
लिहायची सवय अजिबात नाही. कामाचे ईमेल, अर्ज, एखाद्या विषयावर दोन परिच्छेद, एवढं तरी स्वच्छ लिहिता यावं अशी मनापासून इच्छा आहे. पहिलं वाक्य सुचायलाच वेळ जातो, मग वाक्यं लांबत जातात, आणि ऱ्हस्व-दीर्घात तर पावलोपावली अडखळायला होतं. रोज अर्धा तास देऊ शकते. व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचू की नुसतं लिहीत सुटू? नमुना देते, निःसंकोच चुका काढा:

"सध्याच्या काळात मोबाईलच्या वापराचे प्रमाण मोठ्या प्रमाणात वाढलेले असून त्यामुळे लहान मूलांच्या डोळ्यांवर परिणाम होत असल्याचे दिसुन येत आहे तसेच पालकांनी याकडे लक्ष्य देणे गरजेचे आहे."

वेलांटी
नमुना दिलात हे फार बरं केलंत.

या एका वाक्यात तीन गोष्टी आहेत: वापर वाढला, डोळ्यांवर परिणाम होतो, पालकांनी लक्ष द्यावं. 'असून', 'त्यामुळे', 'तसेच' यांनी त्या एकमेकींना टाचल्यात. 'तसेच' तर इथे बसतच नाही. तो एका जातीच्या दोन गोष्टी जोडतो, तुम्ही निरीक्षणाला सल्ला जोडलाय. तिथे 'म्हणून' हवं. 'होत असल्याचे दिसुन येत आहे' हे पाच शब्द 'होतो' या एका शब्दाचं काम करतात. 'वापराचे प्रमाण मोठ्या प्रमाणात' हे मोठ्याने वाचलंत की लगेच कानाला खटकेल.

पण खरी उणीव वेगळीच आहे. परिणाम होतो, पण कोणता? ते लिहिलेलंच नाही. वाक्य फुगतं ते बहुतेक वेळा सांगायची गोष्ट मनात ठरलेली नसते म्हणून. ती ठरवली की असं होतं:

"मुले मोबाईलकडे बराच वेळ टक लावून पाहतात. त्या वेळी पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. म्हणून पालकांनी मुलांना थोड्या थोड्या वेळाने लांबवर बघायला सांगावे."

आता अर्धा तास. पहिली ५ मिनिटं मुद्दे लिहा, तुटक शब्दांत, वाक्यं नकोत. पुढची १५ मिनिटं सलग लेखन. खोडायचं नाही, मागे जाऊन वाचायचं नाही. पहिलं वाक्य अडलं तर दुसऱ्यापासून सुरू करा. उरलेली १० मिनिटं दुरुस्तीची, पण आजच्या नव्हे, कालच्या मजकुराची. ताज्या मजकुरात डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. गळलेला शब्दही जागेवर दिसतो.

विषय 'वाचनाचे महत्त्व' असले नकोत. तिथे तयार वाक्यं आपोआप हाताशी येतात आणि काहीच शिकून होत नाही. शर्टाचं बटण कसं लावायचं ते लिहा, सुईत दोरा ओवण्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत. क्रम ठरलेला असतो, त्यामुळे काय सुटलं ते लगेच कळतं. बटण कापडाला अगदी घट्ट शिवलं तर काज बसायला जागा उरत नाही, म्हणून खाली दोऱ्याचे दोन-तीन वेढे घेऊन देठ ठेवावा लागतो. हे 'का' जिथे लिहिता येईल तिथे लेखन सुधारतं.

पूर्णविराम
शुद्धलेखनापुरतं सांगतो. पुस्तक पहिल्यापासून वाचू नका. शासनमान्य लेखननियम एकूण १८ आहेत (१९६२ चे १४, १९७२ चे ४), आणि सुरुवातीला त्यातले तीन पुरतात.

शब्दाच्या शेवटी येणारा इ-उ दीर्घ: कवी, गुरू, पाणी. 'आणि' हा अपवाद. अकारान्त (म्हणजे शेवटी 'अ' असलेल्या) शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षरातला इ-उ दीर्घ: मूल, गरीब, वकील. तुमचं 'दिसुन' इथेच चुकलं; दिसून, करून, बसून. त्याच शब्दाला प्रत्यय लागला की तो दीर्घ ऱ्हस्व होतो: मूल पण मुलांच्या, गरीब पण गरिबाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द शेवटचे दोन नियम पाळत नाहीत: गुण, विष ऱ्हस्वच; शरीर-शरीराला दीर्घच.

'लक्ष्य देणे' ही चूक मात्र संगणकावरचा साधा शब्द-तपासक पकडणार नाही, कारण लक्ष्य हाही खरा शब्द आहे, अर्थ 'नेम धरायची वस्तू'. दिन-दीन यांचंही तसंच. म्हणून वहीत दोन रकाने करा, चुकलेलं आणि बरोबर. चुका ठरावीक शब्दांतच परत परत होतात, ते शब्द तेवढे पाठ करा.

अर्जात 'केले, झाले' लिहा, बोलीतल्या लेखनात 'केलं, झालं'. दोन्ही चालतात, पण एकाच मजकुरात मिसळू नका.

शाईचा_डाग
खूप आभार. वाक्य किती शब्दांचं असावं? आणि तपासायला कुणी नसेल तर?

वेलांटी
सरासरी १० ते १५ शब्द धरा. सगळीच वाक्यं पाच शब्दांची केलीत तर वाचताना ठेचा लागतात. पूर्णविरामापर्यंत एका श्वासात वाचता आलं नाही तर तिथे तोडा.

तपासायला कुणी नसेल तर एखादा माहितीपर परिच्छेद घ्या, प्रत्येक वाक्याचा मुद्दा तीन-चार शब्दांत टिपा आणि मूळ बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी फक्त मुद्द्यांवरून परिच्छेद लिहा, मग मुळाशी ताडून बघा. वाक्यं जोडणारे शब्द (म्हणून, तसेच, त्यामुळे) कुठे वेगळे पडले ते आधी पाहा, नवशिक्याची घसरण तिथेच होते. आणि कुणी भेटलंच तर "कसं वाटलं?" विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. बटणाचा मजकूर, सुई आणि दोरा त्यांच्या हातात द्या. ते जिथे थांबून तुमच्याकडे बघतील, त्या वाक्याखाली रेघ मारा.