मदत हवी आहे: रेसिपी एकच, तरी दर बॅचला चामड्याची टॅन (तपकिरी) शेड वेगळी. प्रोसेस ऑडिट कुठून सुरू करू?

भोसरीकर:
भोसरीत छोटं युनिट आहे. म्हशीचं वेट ब्लू (क्रोमने कमावलेलं ओलं, निळसर चामडं) चेन्नईहून येतं. १.४ मिमीला शेव्हिंग (तासून जाडी सारखी करणं), मग रीटॅनिंग (दुसऱ्यांदा कमावणं), डाइंग, फॅटलिकर (मऊपणासाठी तेल मुरवणं) आणि बॅगांसाठी वरून रंगाच्या थरांचं पिग्मेंट फिनिश. रेसिपी बदललेली नाही, ऑपरेटरही तोच. तरी शेड कधी लालसर, कधी फिकी येते. पोटाकडे ग्रेन (चामड्याचा वरचा थर) सैल पडतो आणि काही बॅचमध्ये फिनिश सेलोटेपला चिकटून निघतं. ऑडिटच्या ज्या चेकलिस्ट मिळतात त्या सगळ्या कागदपत्रांच्या. ड्रमपाशी नेमकं काय मोजायचं?

कातडी_रसायन:
रेसिपीला अजून हात लावू नका. एक पूर्ण बॅच ड्रमपाशी उभं राहून बघा आणि प्रत्यक्ष जे घडतं तेच लिहा.

आधी वजन. टक्के शेव्ह केलेल्या मालाच्या वजनावर काढायचे असतात. ३०० किलो धरून २.५ टक्के, म्हणजे ७.५ किलो रंग टाकला आणि ड्रममध्ये माल ३४० किलो असला, तर रंग पडला २.२ टक्केच. वेट ब्लूत पाणी कमीजास्त असतं, त्यामुळे नगांवरून अंदाज चालत नाही. शेव्हिंगनंतर प्रत्येक बॅच काट्यावर चढलीच पाहिजे.

पण माझा खरा संशय न्यूट्रलायझेशनवर, म्हणजे रंगाआधी मालातलं आम्ल सोड्याने कमी करण्याच्या पायरीवर आहे. ड्रम थांबवा, मानेच्या जाड भागातून बोटभर पट्टी कापा, पिळून घ्या आणि ताज्या कापावर ब्रोमोक्रेसॉल ग्रीनचा (पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रावणाचा) थेंब टाका. पिवळा रंग म्हणजे पीएच साधारण ३.८ च्या खाली, निळा म्हणजे ५.४ च्या वर, हिरवा म्हणजे मधला. बॅगेच्या मालाला कापावर आरपार एकसारखा हिरवट निळा हवा. कडा निळ्या आणि मधोमध पिवळी रेघ दिसली, तर गाभ्यात आम्ल उरलंय. रंग त्या रेघेशी अडकतो, पुढे शिरत नाही.

बाथचा (ड्रममधल्या द्रावणाचा) पीएच ५.५ आला की काम झालं असं समजतात, फसगत होते ती इथेच. बाथ लगेच बदलतो, गाभा मागून येतो. रेघ दिसली तर बायकार्ब (सोडा) वाढवू नका. २० मिनिटं आणखी फिरवा आणि पुन्हा कापून बघा. सोडा जास्त किंवा एकदम पडला की ग्रेन सैल होतो आणि ते आधी पोटाकडे दिसतं, कारण तिथली वीण मुळातच विरळ. तुमच्या दोन तक्रारी मला एकाच जागी दिसतात.

ड्रमघर:
फिनिश निघण्याचं मूळ बहुतेक वेळा फॅटलिकरमध्ये असतं. बाथ ५५ ते ६० अंशांवर हवा. डिसेंबरात सकाळी टाकीचं पाणी गार असतं. गरम पाणी घातलं तरी ड्रम आणि माल ते खाली ओढतात. म्हणून बादलीतलं तापमान लिहून उपयोग नाही, ड्रममधून बाथ काढून मोजा. गार बाथमध्ये तेल आत न शिरता ग्रेनवर बसतं आणि त्यावर बेस कोट (फिनिशचा पहिला थर) धरत नाही.

पाणीही तपासा. महापालिकेचं, बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं असं आलटून पालटून वापरत असाल, तर जडपणाच्या पट्टीने रोज बघा. जड पाण्यात फॅटलिकरचं इमल्शन फुटतं.

भोसरीकर:
पाणी तिन्ही प्रकारचं वापरतो, मोजलेलं कधीच नाही. रंग पक्का करायचं फॉर्मिक ॲसिड ऑपरेटर एका दमात ओततो. त्याने शेड बदलते का?

कातडी_रसायन:
हो, आणि डागही पडतात. ॲसिड पाण्यात घालून दहापट पातळ करा (पाणी ॲसिडमध्ये ओतायचं नाही). तीन हप्ते करा, १५ मिनिटांच्या अंतराने द्या, शेवटच्या हप्त्यानंतर अर्धा तास फिरवा. शेवटी पीएच ३.६ ते ३.८ यावा आणि काचेच्या ग्लासात घेतलेला बाथ जवळपास स्वच्छ दिसावा. रंगीत राहिला तर रंग मालात बसलेला नाही. पांढऱ्या कापडाने घासल्यावर तोच सुटतो.

ड्रमघर:
पुढच्या दहा बॅचना पाचच रकाने ठेवा: शेव्ह वजन, पाण्याचा जडपणा, कापाचा फोटो, फॅटलिकरच्या वेळी ड्रममधलं तापमान, शेवटचा पीएच. फोटो लगेच काढा, थोड्या वेळाने थेंबाचा रंग पसरतो. पट्टी दर वेळी मानेजवळूनच कापा. एकदा मान आणि एकदा पोट घेतलंत तर दोन फोटो शेजारी ठेवून काहीच कळणार नाही.