जकातीआधी हिशेबाची वही: कोकणातील मुस्लिम आंबा-व्यावसायिकांची जबाबदारी

खाडीकाठ (रत्नागिरी):
आपल्या किनाऱ्यावरील अनेक मुस्लिम कुटुंबांत आंब्याचा धंदा पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, आणि रमजानमध्ये या घरांतून जकात (धर्माने बंधनकारक केलेले दान), मदरशाला देणगी, विधवांना धान्य असे बरेच काही दिले जाते. ते उत्तमच, परंतु या दानालाच आपण धंद्याची सामाजिक जबाबदारी समजू लागलो आहोत, यावर माझा आक्षेप आहे. इस्लामी विचारवंत इमाम गझाली (मृत्यू ११११) यांच्या मते व्यापारात न्याय हे भांडवल आणि एहसान, म्हणजे हक्कापलीकडचा चांगुलपणा, हा नफा होय. भांडवलच नसेल तर नफा कशावर मोजायचा? प्रेषितांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा त्यांनी विक्रेत्याला ते वर का ठेवले नाहीस असे विचारले, ही हदीस सर्वांना पाठ आहे; तरीही पेटीच्या वरच्या थरात मोठी फळे आणि खाली लहान, हा प्रकार मी आपल्याच लोकांकडे पाहिला आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी हेही आपण सांगतो, आणि गड्यांचा हिशेब मात्र वाशीच्या बाजारातून विक्रीची शेवटची पट्टी आल्यावर, पावसाच्या तोंडावर करतो.

माडबन:
आपला रोख योग्य आहे, पण सारे मालकाच्या चांगुलपणावर सोडणे पटत नाही. मालकाचा सद्गुण म्हणजे मजुराचा हक्क नव्हे. बागेची राखण करणारे बरेच जण नेपाळहून आलेले असतात. मालक दयाळू निघाला तर त्यांचे बरे, नाहीतर कोणाकडे दाद मागायची? बहुसंख्य फकीहांच्या, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांच्या, मते जकात मुस्लिमेतरांना देता येत नाही, त्यामुळे ज्यांच्या श्रमावर हंगाम उभा राहतो ते त्या वर्तुळाबाहेरच राहतात. लेखी करार आणि किमान वेतन यांची सक्तीच हवी.

खाडीकाठ:
जकातीबाहेर सदका, म्हणजे ऐच्छिक दान, आहे आणि तो कोणालाही देता येतो. शिवाय मजुरी हे दान नसून देणे आहे, त्यात धर्माचा प्रश्नच येत नाही. कायद्याविषयी म्हणाल, तर २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चायला लावते, पण केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचा खर्च त्यात धरत नाही. आपली घरगुती पेढी त्या कक्षेत येतच नाही, आणि आली असती तरी गड्याची थकलेली मजुरी त्या कलमाला दिसली नसती. लेखी करार मात्र मला मान्य आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असे कुरआनच (२:२८२) सांगते.

मोहोर:
मी बागा कराराने घेतो, म्हणून स्पष्ट लिहितो. फळ पक्वतेला लागण्यापूर्वी ते विकू नये असे हदीस सांगते. आणि आमचा निम्मा धंदा मोहोर पाहूनच, बागायतदाराला आगाऊ उचल देऊन ठरतो. तुडतुड्याची कीड पडली किंवा अवकाळी पाऊस आला तर तोटा माझा. उद्या ही उचल मी थांबवली, तर फवारणीसाठी बागायतदार सावकाराच्या दारात जाईल आणि व्याज भरेल. यातले कोणते पाप मोठे, हे नीतीवर लिहिणाऱ्यांनी सांगावे. बरे, आपण कोकणी मुस्लिम इस्लामी कायद्याच्या शाफई परंपरेचे. शाफई मतानुसार फळांपैकी खजूर आणि द्राक्षे यांवरच जकात आहे, आंब्यावर नाही. म्हणजे पिकावर काही नाही आणि माझ्या वर्षभर राहिलेल्या पैशावर व मालावर अडीच टक्के!

खाडीकाठ:
आंब्यावर जकात नाही, म्हणूनच प्रश्न नियमाचा न उरता स्वभावाचा होतो. हनफी परंपरेचा शेजारी पावसावरच्या पिकाचा दहावा हिस्सा देतो. आपल्यावर ते बंधन नाही, तर आपण काय करतो यावरूनच माणूस कळेल. करारापुरते बोलायचे तर मोहोर विकत घेण्याऐवजी फवारणीचा खर्च उचलून फळाच्या उत्पन्नात ठरलेला हिस्सा घेता येईल. त्यात जोखीम दोघांची राहील.

बाणकोटची लेक:
पुरुषमंडळी पेट्या आणि पट्ट्यांवरच थांबलेली दिसतात. मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा कुरआनने (४:११) ठरवून दिला आहे, आणि तरीही बाप गेल्यावर बहिणींसमोर हक्कसोडपत्र येते. सही केली नाही तर माहेर तुटते. मग त्याच अविभक्त बागेच्या उत्पन्नातून भाऊ गावजेवण घालतात. मदरशाच्या पावतीवर ज्यांचे नाव येते, त्यांनी आधी सातबारा उघडून त्यावर कोणाची नावे नाहीत ते पाहावे.