मदत हवी आहे: वाहक प्रथिनाचं 'दार' नेमकं कशामुळे फिरतं?

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. पेशीपटलातली वाहक प्रथिनं (आळीपाळीने बाहेर आणि आत उघडून पदार्थ पटलापार नेणारी) शिकवताना एका मुलीच्या प्रश्नाशी अडले आहे.

सोडियम-पोटॅशियम पंप मुलांना पटकन समजला: एका एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) खर्चात ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. सोसायटीचा पंप गच्चीवरची टाकी भरतो, मग नळाला आपोआप पाणी येतं, तसंच हे, असं सांगितलं. पेशीबाहेर साठलेलं सोडियम ही ती टाकी. आतड्यातलं एसजीएलटी-१ हे प्रथिन २ सोडियमच्या ओढीवर १ ग्लुकोज आत घेतं, आतलं ग्लुकोज आधीच जास्त असलं तरीही. जुलाबात साखर-मिठाचं पाणी लागू पडतं ते यामुळेच, हे ऐकून वर्ग एकदम जागा झाला. (माझ्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण प्रमाण तिचं अचूक असायचं.)

तर प्रश्न असा: ग्लुकोज नसताना, नुसतं सोडियम चिकटलं तर ते प्रथिन आतल्या बाजूला का उघडत नाही? उघडलं तर टाकी फुकटच रिकामी होईल ना! ग्लुकोज बसल्यावर रेणूत नेमका कोणता बदल होतो?

जैवरसायनशास्त्रातलं कुणी सोप्या मराठीत समजावेल का? पुठ्ठ्याचं एखादं मॉडेल सुचलं तर तेही सांगा. शनिवारी पुढचा तास आहे, आणि त्या मुलीला अर्धवट उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.