सॉल्टेअरमधल्या घराची ओल जात नाही, मदत हवी आहे

पैलतीर : इंग्लंडमधील ब्रॅडफर्डजवळच्या सॉल्टेअर या जुन्या गिरणी-वस्तीतील आमच्या घराच्या पुढच्या भिंतीला आतून सतत ओल असते आणि आता लोणाही लागला आहे. दगडांमधल्या दरजा (सांधे) सिमेंटने भरून वर जलरोधक रंग द्यावा आणि खिडक्या प्लॅस्टिकच्या बसवाव्यात, असे बिल्डर म्हणतो. त्याला लगेच होकार कळवायचा असल्याने किती खर्च रास्त ठरेल, तेवढेच सांगावे.

चुनखडी : खर्चाचे नंतर पाहू. ओल जमिनीलगत आहे की छताखाली? सध्याच्या दरजा कशाच्या आहेत? गिरणीमालक टायटस सॉल्टने कामगारांसाठी उभारलेली ही घरे वालुकाश्माची असून चुन्यात बांधलेली आहेत. भिंतीत शिरलेले पाणी चुन्याच्या सांध्यांतून सुकते. ते सांधे सिमेंटने बुजवले की पाणी दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

सुतारपक्षी : चुन्याचे हे खूळ पुरे झाले. लीड्समधल्या माझ्या घराला सिमेंट लावून बरीच वर्षे झाली, तरी एक डाग नाही.

चुनखडी : ते घर दगडी आहे का?

सुतारपक्षी : विटांचे आहे, पण पाणी ते पाणीच.

इतिहासवेडा : एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १८५३ मध्ये सुरू झालेल्या सॉल्टच्या गिरणीची इटालियन धाटणी लॉकवुड आणि मॉसन या वास्तुविशारदांनी वस्तीतही आणली. मुकादमांना मोठी घरे आणि पुढे छोटी बाग मिळाली. साध्या कामगाराचे दार मात्र थेट रस्त्यावर उघडते. तरीही प्रत्येक घरामागे स्वतंत्र अंगण आणि शौचकूप होते, ही त्या काळच्या ब्रॅडफर्डमध्ये अपूर्वाईच होती.

पैलतीर : इतिहास मी विचारला नव्हता. आमचेही दार रस्त्यावरच उघडते. ओल जमिनीपासून खिडकीपर्यंत आहे आणि आधीच्या मालकाने भरलेल्या दरजा राखाडी व टणक आहेत. खाली तळघर आहे.

चुनखडी : म्हणजे सिमेंट आधीच भरलेले आहे आणि बिल्डर त्यावर आणखी थर चढवू पाहतो आहे! दगडाच्या कडा न दुखवता ते हाताने काढून घ्यावे आणि दरजा चुन्याने भराव्यात. जलरोधक रंग मुळीच लावू नये. खिडक्यांचे तर अगोदर नगरपरिषदेला विचारावे, कारण तिथली बहुतेक घरे संरक्षित वास्तूंच्या दुसऱ्या श्रेणीत आहेत आणि परवानगीविना त्यांचे रूप बदलणे हा फौजदारी गुन्हा आहे.

सुतारपक्षी : सिमेंट काढताना दगड फुटला तर भरपाई कोण देणार?

चुनखडी : म्हणूनच यंत्र नको म्हटले. पैलतीर, तळघराला हवा देणारी रस्त्याकडची जाळी उघडी आहे की तीही बुजवली आहे?