मदत हवी आहे: मिठागराचं पाणी गुलाबी, पण प्लेटवर लाल काहीच येत नाही

खाडीकाठ
रायबंदरच्या मिठागरातून, मीठ धरतं त्या शेवटच्या वाफ्यातलं पाणी आणलंय. तीन आठवडे झाले, प्लेटवर लाल बॅक्टेरिया नाहीतच, पाच-सहा पांढुरक्या कॉलनी, बस्स. प्लेटच्या माध्यमात (जीव वाढवायच्या खाद्यात) मीठ २०% आहे. शुक्रवारी गाईडना कॉलनींचा आकडा द्यायचाय. पेप्टोन बदला म्हणू नका, बदलून झालं.

तांबडीमाती
माध्यमात आणखी काय? तापमान? पातळ कशात केलं? वाफ्यातला खारटपणा किती? "मीठ २०%" एवढ्यावर कुणी काय सांगायचं?

शेवटचा_शब्द
लाल रंगवाले बॅक्टेरिया नव्हेत, आर्किया, म्हणजे वेगळ्याच गटातले एकपेशीय जीव. आधी तेवढं नीट करा.

माणकुल्यो
सगळेच नव्हेत. सॅलिनिबॅक्टर रुबर लालच आहे आणि बॅक्टेरियाच आहे. २००२ पासून नावानिशी नोंद आहे.

शेवटचा_शब्द
अपवाद सांगून नियम मोडत नाही.

अनुक्रम
प्लेटांचा नाद सोडा, थेट पाण्यातला डीएनए काढून १६एस करा, म्हणजे जीव ओळखायचं जनुक वाचा. चौकोनी पेशींचा हॅलोक्वाड्रॅटम १९८० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, प्रयोगशाळेत वाढवायला २००४ उजाडलं.

माणकुल्यो
करा की, पण बॅक्टेरियाचा २७एफ प्रायमर (जनुक पकडणारा डीएनएचा तुकडा) घेतलात तर आर्किया गळणारच, त्यांचे प्रायमर वेगळे. डीएनएत मीठ राहिलं तर पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) बसतो. ७०% इथेनॉलने दोनदा धुवा. आणि उद्या कुणी जिवंत स्ट्रेन मागितला तर देणार काय, डीएनएची फाईल?

खाडीकाठ
लिटरला मीठ २०० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २०, पोटॅशियम क्लोराइड २, यीस्ट अर्क ५, अगर २०. पीएच ७.२, ३७ अंश. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ०-१०० पीपीटीचा (हजारात किती भाग), रेघ पार वर गेली. पातळ नेहमीसारखंच, ०.८५% सलाईनमध्ये.

तांबडीमाती
मग मेले ते तिथेच. हॅलोआर्कियाची (मिठात जगणाऱ्या आर्कियाची) भिंत प्रथिनांची, ती मिठाच्या जोरावर उभी असते. ३०% चं १ मिली पाणी ९ मिली सलाईनमध्ये गेलं की पहिल्याच नळीत ३.८% उरतं. पेशी आधी गोल होतात, मग फुटतात. तगले ते हॅलोमोनाससारखे मध्यम लवणप्रेमी बॅक्टेरिया. पांढुरक्या कॉलनी बहुधा त्यांच्याच.

पातळ करायला लिटरला मीठ २४०, मॅग्नेशियम क्लोराइड ३०, मॅग्नेशियम सल्फेट ३५, पोटॅशियम क्लोराइड ७ ग्रॅम. नाहीतर त्याच वाफ्याचं पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून वापरा. प्लेट २३-२५% ची, जाड ओता आणि पिशवीत बांधून ठेवा, नाहीतर वर मिठाचे खडे धरतात. दोन ते चार आठवडे. शुक्रवार विसरा.

ग्रॅम स्टेनलाही (पेशी रंगवून ओळखायला) हाच घोळ होतो. काचेवरचा स्मिअर वाळवून २% ॲसिटिक आम्लात पाच मिनिटं ठेवा, मगच रंग.

आगरवाडो
त्या रिफ्रॅक्टोमीटरने पाणी दहापट पातळ करूनच मोजा, आकडा अंदाजेच समजा. मिठागरवाल्याकडे बोमेचा काटा (पाण्याची घनता मोजणारा) असेल तर उत्तम, साधारण २५ बोमेच्या पुढे मीठ धरू लागतं. आणि नवं सँपल पावसाआधीच घ्या. एकदा का जूनचं पाणी वाफ्यांत शिरलं की थेट पुढच्या हंगामापर्यंत थांबा.

सुरमई
सुक्या बांगड्यावर गुलाबी थर येतो, तो हाच का?

अनुक्रम
धागा मासळीचा नाही.

माणकुल्यो
असू दे. हो, बहुतेक वेळा हेच, जाड्या मिठातून येतात. त्यांना ऊब लागते, म्हणून बांगडा फ्रिजमध्ये ठेवा. चिकट झाला, वास आला तर टाकून द्या.

सुरमई
मीठ तव्यावर भाजून घेतलं तर?

खाडीकाठ
सलाईनचं लक्षातच आलं नाही. गाळलेलं पाणी फ्रिजमध्ये किती दिवस टिकतं?

तांबडीमाती
बरेच दिवस. तळाला खडे बसले तर कोमट करून विरघळवा, ओतून टाकू नका.