प्रेक्षकाला खरोखर सोडवता येईल असा खुनाच्या रहस्याचा चित्रपट सुचवा

बाभूळबन (धागाकर्ती)

दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे बरीच माणसे जमणार आहेत; तेरा वर्षांच्या भाचीपासून ते बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजार आणि काळापहाड यांच्यावर वाढलेल्या माझ्या सासऱ्यांपर्यंत. एका संध्याकाळी सर्वांनी मिळून खुनाच्या रहस्याचा चित्रपट पाहायचा आणि उलगडा होण्यापूर्वी प्रत्येकाने आपला संशयित, कारणासह, चिठ्ठीवर लिहून द्यायचा असा बेत आहे. मागच्या वेळी हाच खेळ केला तेव्हा आम्ही निवडलेल्या चित्रपटातला खुनी शेवटच्या दहा मिनिटांत उगवला. तोवर त्याचे नावसुद्धा कोणी घेतले नव्हते. सासऱ्यांनी आपली चिठ्ठी तिथेच फाडून टाकली आणि मला त्यात काहीही चुकीचे वाटले नाही.

म्हणून विचारते: ज्यात सर्व दुवे प्रेक्षकासमोर ठेवलेले आहेत, असे चित्रपट कोणते? मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल. रक्तपात बेताचा असावा. कृपया रहस्यभेद करू नये.

उंबरठा

आपल्या सासऱ्यांची तक्रार जुनी आणि रास्त आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यांतला पहिलाच नियम असा की गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकासमोर यायला हवा. आणि पुढचा एक नियम असा की तपास करणाऱ्याला सापडलेला दुवा वाचकापासून लपवता कामा नये. चित्रपट या कसोटीवर पारखले तर निम्म्याहून अधिक बाद होतात, कारण त्यांतले बहुसंख्य धक्का देण्यासाठी काढलेले असतात, सोडवण्यासाठी नव्हे. धक्क्याचे चित्रपट वाईट असतात असे नाही, पण चिठ्ठ्यांच्या खेळाला ते निरुपयोगी ठरतात.

आपल्या बेताला मी १९७८ चा ‘डेथ ऑन द नाईल’ सुचवेन. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३७ च्या कादंबरीवरचा हा चित्रपट जॉन गिलरमन यांनी दिग्दर्शित केला असून पीटर उस्तिनोव्ह यांनी ख्रिस्तींचा गुप्तहेर हर्क्युल पॉयरो रंगवला आहे. कार्नाक नावाच्या बोटीवर एका श्रीमंत तरुणीचा खून होतो आणि बोटीवरील जवळजवळ प्रत्येकाकडे तिच्या मृत्यूची इच्छा करण्याचे काही ना काही कारण असते. माझी शिफारस मुख्यतः त्यातल्या एका युक्तीसाठी आहे. पॉयरो एकेका संशयिताला गाठून त्याच्या तोंडावर सांगतो की तुम्ही हा खून असा केला असू शकता, आणि तो सांगत असताना पडद्यावर ते घडताना दिसते: तीच रात्र, तीच खोली, तीच झोपलेली तरुणी आणि दर वेळी पिस्तूल वेगळ्याच हातात. म्हणजे प्रत्येक शक्यता आपल्यासमोर मांडून तपासली जाते, आणि कोणती शक्यता कुठे अडते हे लक्ष देणाऱ्याला टिपून ठेवता येते. तेरा वर्षांच्या मुलीलाही हे सहज कळेल. शेवटी बोटीच्या दालनात सर्वांना बसवून पॉयरो बोलू लागतो. तिथे चित्रपट थांबवून चिठ्ठ्या गोळा कराव्यात.

जाता जाता, बोटीच्या व्यवस्थापकाच्या भूमिकेत आपले आय. एस. जोहर आहेत. सासऱ्यांना ओळखू द्या.

रातकिडा

हिंदीत अशा चित्रपटांची वानवाच आहे, आणि त्याचे एक कारण गाणी हेही असावे. तपास रंगात आला की कोणीतरी क्लबमध्ये नाचू लागते. यश चोप्रांच्या १९६९ च्या ‘इत्तेफाक’मध्ये मात्र एकही गाणे नाही. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार (राजेश खन्ना) पावसाळी रात्री पळून एका घरात शिरतो, तिथे नंदा एकट्या आहेत, आणि पुढचे बहुतेक सारे त्या घरात घडते. मुळात ही नाटकावरून आलेली गोष्ट आहे आणि त्यामुळे जागा, माणसे, वेळ सगळेच आटोपशीर आहे. याच नावाचा २०१७ चा चित्रपट वेगळा आहे. मागवताना गफलत करू नका.

बी. आर. चोप्रांचा ‘धुंद’ (१९७३) हाही ख्रिस्तींच्या ‘द अनएक्स्पेक्टेड गेस्ट’ या नाटकावर बेतलेला आहे. धुक्यात गाडी अडकलेला माणूस मदत मागायला एका बंगल्यात जातो, तर समोर चाकाच्या खुर्चीत मृतदेह आणि पत्नीच्या हातात पिस्तूल. ‘गुमनाम’ गाण्यांसाठी आणि मेहमूदसाठी पाहावा. चिठ्ठ्या लिहायला नको.

पाणवठा

मराठीत चंद्रकांत कुलकर्णी यांचा ‘बिनधास्त’ (१९९९) विसरू नये. संपूर्ण चित्रपटात एकही पुरुष कलाकार नाही. कोडे म्हणून तो ‘डेथ ऑन द नाईल’इतका काटेकोर आहे असे मी म्हणणार नाही, परंतु भाचीला सर्वांत जवळचा तोच वाटेल.

उंबरठा

‘बिनधास्त’ची सूचना उत्तम. फक्त तो अनेकांनी पूर्वी पाहिलेला असतो, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

सांजवात

माझ्या मते या प्रकारातले सर्वांत सचोटीचे कोडे म्हणजे १९७३ चा ‘द लास्ट ऑफ शीला’. त्याची पटकथा अभिनेते अँथनी पर्किन्स आणि संगीतकार स्टीफन साँडहाइम यांनी लिहिली. हे दोघे न्यूयॉर्कमध्ये मित्रमंडळींसाठी खुणा शोधत फिरण्याचे खेळ रचत असत आणि तोच अनुभव त्यांनी चित्रपटात वापरला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर एक धनाढ्य निर्माता मित्रांना आपल्या बोटीवर बोलावतो, प्रत्येकाला एक गुपित लिहिलेले कार्ड देतो आणि रोज एक खेळ मांडतो. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येते की उत्तर आपल्या डोळ्यांसमोर होते आणि आपण त्याच्याकडे पाहूनही पाहिले नव्हते. मात्र त्या कार्डांवरची काही गुपिते प्रौढांसाठीची आहेत, त्यामुळे भाचीसह पाहू नये. मोठ्यांनी दुसऱ्या दिवशी, मुले झोपल्यावर पाहावा.

भरतीओहोटी

सर्वांना आवडेल असा अलीकडचा चित्रपट हवा असेल तर ‘नाइव्ज आउट’ (२०१९). एक गंमत सांगतो: दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितले होते की अ‍ॅपल कंपनी आपले फोन चित्रपटात वापरू देते, पण खलपात्राच्या हाती ते दिसू देत नाही. तेव्हापासून काही प्रेक्षक चेहरे सोडून फोनच न्याहाळत बसतात.

सांजवात

हा निम्मा रहस्यभेदच झाला की! धागाकर्तींनी हे घरात कोणाला सांगू नये.

रातकिडा

यावरून एक नियम सुचवावासा वाटतो. चित्रपटात खुनी ओळखण्याची चोरवाट म्हणजे पात्रयोजना: एवढ्या मोठ्या नटाला एवढेच काम कसे, म्हणजे तोच खुनी. असा तर्क पुष्कळदा बरोबर येतो, पण त्यात कोडे सोडवल्याचे समाधान नाही. चिठ्ठीवर पडद्यावर दिसलेला किमान एक दुवा लिहिलेला नसेल तर ती बाद धरावी. ‘डेथ ऑन द नाईल’ला ही पळवाट फारशी लागूही पडत नाही, कारण बेटी डेव्हिस, मॅगी स्मिथ, मिया फॅरो, डेव्हिड निव्हन असे सगळेच मोठे आहेत, संशय घ्यायचा कोणावर?

बाभूळबन (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. ‘डेथ ऑन द नाईल’ ठरवत आहे. एक अडचण: माझ्या नणंदेने कादंबरी वाचली आहे. आणि कोणी ‘क्लू’बद्दलही सांगितले होते, तो कसा?

उंबरठा

नणंदबाईंना पंच करा. चिठ्ठ्या त्यांच्याकडे द्याव्यात, त्यांनी चित्रपटभर चेहरा कोरा ठेवावा. हे काम खुनी शोधण्यापेक्षा अवघड आहे.

‘क्लू’ (१९८५) हसण्यासाठी जरूर पाहा, पण स्पर्धेसाठी नको. त्याचे तीन वेगवेगळे शेवट चित्रित केले होते आणि निरनिराळ्या चित्रपटगृहांत निरनिराळा शेवट दाखवला गेला. घरी पाहायच्या प्रतीत तिन्ही एकामागोमाग येतात. ज्या दुव्यांवरून तीन उत्तरे निघू शकतात, त्यांवरून एकाच माणसाला बक्षीस कसे द्यायचे?

पाणवठा

इंग्रजी उपशीर्षके मात्र चालू ठेवावीत. उस्तिनोव्हांचा फ्रेंच वळणाचा उच्चार ऐकताना ज्येष्ठांचे एखादे वाक्य निसटते, आणि या चित्रपटात निसटलेले वाक्य महागात पडते. सासऱ्यांसाठी मध्यंतर घेणार असाल तर पहिली गोळी सुटते त्या प्रसंगाच्या अलीकडेच घ्या. त्यापुढचा क्रम, म्हणजे कोण केव्हा कुठे होते, हा सलगच पाहायला हवा.